दहावी तबकडी वगळता येणार नाही

इंदूमावशी गेल्याची बातमी आली तेव्हा मी मुंबईला प्रयोगशाळेत एका ताणलेल्या तारेची कंपने मोजत होते. कार्यालयाच्या शिपायाने दाराशी येऊन पनवेलहून फोन असल्याचे सांगितले आणि फोनवर माझ्या भावाने एकच वाक्य उच्चारले, "नलू, मावशी पहाटे झोपेतच गेली, तू निघून ये." मी परत जाऊन ती मोजणी पुरी केली आणि मग निघाले. हे सहकाऱ्यांना चमत्कारिक वाटले असावे. पण अर्ध्यावर टाकलेले निरीक्षण कुणाच्याच उपयोगाचे नसते, हे मला विज्ञानाच्या कोणत्याही प्राध्यापकाआधी मावशीने शिकवले होते. वाजत असलेल्या तबकडीवरून मध्येच सुई उचलणाऱ्या माणसाशी ती पुढे दिवसभर बोलत नसे.

त्यानंतर दोन आठवड्यांनी पनवेलच्या श्रोतृमंडळाने शोकसभा घेतली. मंडळाचे अध्यक्ष अण्णासाहेब हे निवृत्त मुख्याध्यापक, वक्तृत्वाचे शौकीन. ते म्हणाले, "इंदुमतीबाईंना संगीताची समज होती असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु पोस्टमनला पत्रातला मजकूर ठाऊक नसला तरी पत्र पोचते ते त्याच्यामुळेच. बाईंनी तालुक्याच्या खेडोपाडी संगीत पोचवले." सभेला ही उपमा आवडली. पुढे त्यांनी जाहीर केले की, मंडळ लवकरच 'इंदुमतीबाईंच्या आवडीच्या दहा ध्वनिमुद्रिका' असा स्मृतिकार्यक्रम करील, त्यासाठी त्यांच्या भाचीने बाईंचा ठेवणीतला खोका मंडळाकडे द्यावा, आणि दहावी ध्वनिमुद्रिका प्रसंगाला शोभणारी नसल्यामुळे तिच्या जागी एखादे भजन घ्यावे. टाळ्या पडल्या. मी उठून उभी राहिले, पण तोवर आभार सुरू झाले होते... सभेत जे बोलता आले नाही ते इथे लिहीत आहे. श्रद्धांजलीच्या लेखात वाद घालू नये असा संकेत आहे, याची मला कल्पना आहे. मावशी मात्र संकेतांच्या बाबतीत फारशी हळवी नव्हती.

जे तिला ओळखत नव्हते त्यांच्यासाठी सांगते. इंदुमती ही माझ्या आईची थोरली बहीण. तिच्या यजमानांचा लग्नकार्यांना कर्णा, फोनो आणि तबकड्या भाड्याने देण्याचा व्यवसाय होता. पनवेलच्या बाजारात त्या वेळी असा एवढाच संच. स्वातंत्र्यानंतर थोड्याच काळात काका विषमज्वराने गेले, आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या दिरांनी संच विकून टाकण्याचा विषय काढला. "वहिनी, बाईमाणसाने लोकांच्या मांडवात जाऊन कर्णा बांधायचा का?" मावशी म्हणाली, "बांधायचा नाही भाऊजी, वाजवायचा. बांधायला गडी असतो." आणि पुढच्याच लग्नसराईत ती बैलगाडीत बॅटरीशेजारी बसून खारघरला गेली. लोक तिला 'रेकॉर्डवाली बाई' म्हणू लागले. त्यात थोडा उपहास होता. तिने तो ऐकला नाही असे नव्हे. तिने तेच शब्द रंगवून दारावर पाटी लावली.

मी तेव्हा शाळेत होते आणि मे महिन्याच्या सुटीत तिच्याबरोबर गाडीत बसून जात असे. मिठागरांच्या बांधावरून गाडी जाताना मावशी तबकड्यांचा खोका मांडीवर घेई, कारण लाखेची तबकडी एका धक्क्याने तडकते आणि तडकलेल्या तबकडीला औषध नाही. खोक्यात किती तबकड्या मावतात याला मर्यादा होती, म्हणून प्रत्येक गावासाठी कोणत्या घ्यायच्या याची निवड निघण्यापूर्वी करावी लागे. घरातल्या कपाटात शेकडो, गाडीत मोजक्या. मी आयुष्यात जो पहिला शास्त्रीय प्रश्न पाहिला तो हा होता : साधन मर्यादित आहे, गरज अनिश्चित आहे, आणि चूक झाली तर ती सबंध गावादेखत होणार आहे. हळद दळताना काय लावायचे, पंगत बसल्यावर काय, मुलगी निघताना काय, हे तिला पाठ होते. तरीही ती दर खेपेला एखादी तबकडी अशी घेई जी कुणी मागितलेली नसे. आचाऱ्याचा हात क्षणभर थांबतो का, पाणी भरणाऱ्या बायका कळशी खाली ठेवतात का, याकडे तिचे लक्ष असे. अशा तबकड्यांतल्या बहुतेक फसत. एखादी लागे, आणि मग ती परत येताना गाडीत गप्प बसून हसत असे.

याच काळात बेलपाड्याच्या एका लग्नात तिची आणि हिरायची गाठ पडली. हिराय ही धवलारीण. धवलारीण म्हणजे आगरी लग्नात देवांना बोलावण्यापासून ते नवरानवरीला पाटावर बसवण्यापर्यंतचा प्रत्येक विधी गाऊन पार पाडणारी बाई. तिच्या गाण्याला धवला म्हणतात, आणि जुन्या चालीप्रमाणे धवला पुरा झाल्याशिवाय लग्न लागले असे कुणी मानत नाही. त्या दिवशी मावशीचा कर्णा मांडवाच्या खांबावर चढला होता आणि एक चित्रपटगीत जोरात चालू होते. हिराय ओटीवर हळदीच्या जात्यापाशी बसून गात होती, पण ओठ हलताना दिसत होते तेवढेच. अखेर ती उठली आणि कमरेवर हात ठेवून मावशीपुढे उभी राहिली.

"ए बाय, तुजा करना गप कर. माजा देव दारानशी परत जाईल."

"कुठला देव?" मावशीने विचारले.

"ज्याला बोलवाया मी आलंय तो. तुज्या बोंबलन्यान त्याला माजी हाक कशी आयकू यावी?"

मांडवातली पोरे हसली. मावशी हसली नाही. तिने गाणे संपू दिले, कारण सुई मध्ये उचलणे तिच्या नियमात बसत नव्हते, आणि मग यंत्र बंद करून ती जात्याशेजारी जाऊन बसली. यजमान येऊन म्हणाले, "बाई, भाडा कशाचा घेताव मंग?" त्यावर ती म्हणाली, "गप्प बसायचं. तेही काम आहे." त्या दुपारी मी हिरायचा आवाज प्रथम ऐकला. तो गोड नव्हता. जाड, किंचित घोगरा, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी असा काही ताणलेला की पुढची ओळ ऐकल्यावाचून उठताच येऊ नये.

मावशीच्या मनाने तिथेच काहीतरी घेतले. मुंबईच्या ज्या दुकानदाराकडून ती तबकड्या आणी, त्याची ध्वनिमुद्रण करणाऱ्यांशी ओळख होती. तिने त्याचा वर्षभर पिच्छा पुरवला. दरम्यान हिरायला तयार करणे त्याहून कठीण होते. अखेर दोघी मोटारीने मुंबईला गेल्या, आणि तिथल्या माणसाने जेव्हा सांगितले की एका बाजूला तीन मिनिटांहून जास्त गाणे बसत नाही, तेव्हा हिराय म्हणाली, "तीन मिन्टान कुनाचा लगीन लागतं गो? तीन मिन्टान तं मी गनपतीला पाटाव बसवीत नाय!" मावशीने तिला समजावले, त्या माणसाने घड्याळ दाखवले, आणि हळदीच्या धवल्याचा आरंभ तेवढा एका बाजूवर उतरला. दुसऱ्या बाजूवर कुणा भलत्याच गायकाचे काहीतरी आहे. तबकडी पनवेलला आली त्या दिवशी मावशीने साऱ्या आळीला चहा पाजला. आपण एका आवाजाला मरणातून सोडवले असे तिला वाटत होते.

इथे तिची चूक झाली. ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून होणे शक्य नव्हते, कारण हिरायवर इतका जीव दुसऱ्या कुणाचा नव्हता. तिने ती तबकडी लग्नांना न्यायला सुरुवात केली. हिरायचा मान व्हावा, तिचे नाव चार गावांत जावे, हा हेतू. लोकांना तबकडी विलक्षण आवडली. कर्ण्यातून धवला ऐकू येतो, तोही मैलभर! पुढच्या लग्नसराईत यजमान निरोप पाठवताना आवर्जून सांगू लागले की ती हळदीची रेकॉर्ड आणा. त्यापुढच्या लग्नसराईत मावशीच्या लक्षात आले की मांडवात जात्याशेजारी धवलारणीचा पाट दिसत नाही. एका घरी तिने विचारले, तर नवऱ्या मुलाची आई अगदी सरळपणे म्हणाली, "रेकॉर्ड हाय ना? मंग म्हातारीला कनाला तरास?"

मग एके सकाळी हिराय पनवेलच्या बाजाराला आली असताना मावशीच्या दारात उभी राहिली. आत ये म्हटले तरी आली नाही. मी ओटीवर अभ्यास करीत होते, म्हणून हा संवाद मला शब्दशः आठवतो.

"माजा गला तू खोक्यान घातलास," ती म्हणाली. "आता लोकां खोका बोलवतान, मना नाय."

"हिराय, मी तुझ्या चांगल्यासाठीच..."

"ठाव हाय मना. वायटासाठी केला असतास तं शिव्या देऊन मोकली झाले असते." आणि थोडे थांबून, "आनि येवरा करून त्या खोक्यानचा धवला अर्दाच हाय. किती पोरींची लग्ना तू अर्दीच लावलीस, बग."

मावशी दिवसभर जेवली नाही. संध्याकाळी तिने ती तबकडी लग्नाच्या खोक्यातून काढली आणि आपल्या ठेवणीतल्या खोक्यात ठेवली. तेव्हापासून ती कुठल्याही मांडवात वाजली नाही. शिवाय तिने एक अट घातली, जिची तालुकाभर टवाळी झाली. कुणी कर्णा ठरवायला आले की ती पहिला प्रश्न विचारी, "धवलारीण सांगितली का?" नसेल तर म्हणे, "मग कर्णाही नाही. आधी तिच्याकडे जा, मग माझ्याकडे या." या अटीपायी तिची निम्मी गिऱ्हाइके उरणच्या एका नव्या कर्णेवाल्याकडे गेली. मी तिला एकदा म्हटले, "मावशी, एका माणसाने बांध घातला म्हणून भरती थांबत नाही." ती म्हणाली, "मिठागरवाल्यांना विचार जाऊन. त्यांचा सगळा धंदा बांधावरच चालतो."

ठेवणीतला खोका म्हणजे काय ते आता सांगायला हवे. त्यात दहाच तबकड्या असत. या भाड्याने जात नसत, मागूनही मिळत नसत. रविवारी दुपारी मावशी त्या स्वतःसाठी लावी, आणि एखादी नवी तबकडी मनात भरली तर जुनी एक बाहेर काढावी लागे. ही हकालपट्टी महिनोन्महिने चाले. मी तेव्हा पदार्थविज्ञानाची विद्यार्थिनी, निकषांवाचून निवड हा शब्दच मला मान्य नव्हता. मी तिला एक पद्धत सुचवली : आवाजाला गुण, चालीला गुण, मुद्रणाच्या स्वच्छतेला गुण, आणि खाचांच्या झिजेवरून कळणारी लोकप्रियता. तिने सारे नीट ऐकून घेतले आणि विचारले, "झीज कशी मोजणार?" मी भिंगाने तबकडी दाखवली. "ही खाच बघ, रुंद झालीय. म्हणजे ही सर्वांत जास्त वाजलेली." ती म्हणाली, "वाजलेली, हो. आवडलेली कशावरून? वरातीत लोक सांगतात ते मी वाजवते. झीज माझ्या सुईची आहे, त्यांच्या मनाची नाही." मी भिंग खाली ठेवले. मोजता येते तेच आपण मोजतो आणि नंतर ते मोजायचेच होते असे म्हणतो, ही सवय विज्ञानात काही कमी नाही.

तिचा स्वतःचा निकष तिने एकदाच सांगितला. एका जुन्या गायिकेचे चित्रपटगीत होते. दुसऱ्या कडव्याआधी तिने घेतलेला श्वास त्यात स्पष्ट ऐकू येतो. मी तो मुद्रणाचा दोष म्हटला. मावशी म्हणाली, "त्यासाठीच तर ही ठेवलीय. हे बघ, संपल्यावर पुन्हा लावावीशी वाटते ती तबकडी चांगली. आणि संपल्यावर गाणाऱ्याच्या घरी जाऊन 'बाई, दमलात का हो?' असं विचारावंसं वाटतं ती माझी." हा निकष कोणत्या पुस्तकात आहे मला ठाऊक नाही. पण तो निकष आहे. त्याने निवड करता येते, त्याने चुकीची निवड ओळखता येते, आणि पंधरा वर्षे तो तिने सारख्याच कडकपणे लावला. एवढे असूनही ज्याला 'समज नाही' म्हणायचे असेल, त्याने समज या शब्दाची आपली व्याख्या आधी मांडावी.

आता मंडळाच्या त्या संध्याकाळविषयी. श्रोतृमंडळात तेव्हा दर महिन्याला एक सभासद आपल्या आजवरच्या सर्वांत आवडत्या दहा ध्वनिमुद्रिका ऐकवून त्यांवर बोलत असे. मावशीचे नाव सुचवले कासमभाईंनी. त्यांचे बाजारात कापडाचे दुकान, आणि ते मंडळाचे सर्वांत जुने सभासद. ते म्हणाले, "जनाब, आपल्या सगळ्यांच्या मिळून जेवढ्या तबकड्या आहेत, त्याहून जास्त त्या बाईंच्या एका कपाटात आहेत. आणि आपण त्यांना सतरंजी घालायला बोलावतो." नाव मंजूर झाले. नियमाप्रमाणे मावशीने दहा नावे कळवली. त्यांत मारव्याची एक तबकडी होती, जिच्यात वृद्ध गवयाचा आवाज वरच्या षड्जाला फाटतो. एक सनई होती, एक कव्वाली, एक लावणी, दोन नाट्यपदे, ते श्वासाचे गाणे... आणि दहावी हिरायची. चिटणीस दुसऱ्याच दिवशी घरी आले. लावणीपर्यंत त्यांनी डोळे मिटून घेतले होते, परंतु धवला हे संगीत नव्हे, तो लग्नातला विधी आहे, तो सभागृहात वाजवता येणार नाही, असा अध्यक्षांचा निर्णय त्यांनी सांगितला.

"म्हणजे दहावी वाजवायची नाही?" मावशीने विचारले.

"नाही वाजवायची, बाई. दुसरी कोणतीही घ्या."

"बरं. वाजवणार नाही."

चिटणीस समाधानाने चहा पिऊन गेले. मी तिच्याशी भांडले, ती चहाचे कप विसळत राहिली. दुसऱ्या दिवशी मात्र तिने बेलपाड्याला निरोप धाडला.

त्या संध्याकाळी सभागृह भरलेले होते. हिराय हिरवे लुगडे नेसून दाराजवळच्या भिंतीला टेकून बसली होती. खुर्ची देऊ केली तर म्हणाली, "नको गो, पाय लोंबतात." मावशीने नऊ तबकड्या ऐकवल्या. प्रत्येकीविषयी ती दोन-चार वाक्येच बोलली, आणि मारव्याच्या वेळी तर अण्णासाहेबांनीही मान डोलावली. मग तिने दहावी काढली, पुसली, फिरत्या तबकावर ठेवली, म्हणाली, "ही बेलपाड्याच्या हिरायची. हळदीचा धवला. हिराय तिथे बसल्यात," आणि यंत्र सुरू केले. तबकडी फिरू लागली. मावशीने सुईचा हात उचलला, तबकडीच्या कडेवर आणला, आणि तिथेच अधांतरी धरून ठेवला.

पहिल्यांदा सर्वांना वाटले काही बिघडले. कुणीतरी खोकले. अण्णासाहेब पुढे वाकून हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, सुई टेकवा."

"मंडळाने टेकवू नका म्हणून सांगितलंय," मावशी म्हणाली.

मागून एकजण हसत ओरडला, "मग बसलोय कशाला आम्ही?" तेव्हा कासमभाई वळून म्हणाले, "ए मियां, गप. रेकॉर्ड चालू आहे."

यंत्राची घरघर आणि फिरणाऱ्या तबकडीवर दिव्याचा हलणारा डाग, एवढेच. मी पुढच्या रांगेत होते. मला मावशीचा हात नीट दिसत होता. हात टेकवायला तिने कशाचाही आधार घेतला नव्हता. तिचे ओठ किंचित हलत होते. ती धवला मनात म्हणत होती, आणि सुईचा हात खाचेबरोबर आत सरकावा तसा हळूहळू मध्याकडे नेत होती. तीन मिनिटे ही किती लांब असतात हे मला कोणत्याही प्रयोगाने इतके स्पष्ट शिकवले नाही. मग तिने हात जागेवर ठेवला, यंत्र बंद केले आणि म्हणाली, "संपली." दाराजवळून हिरायचा आवाज आला, "माजा झाला का? बरा झाला. आज पैल्यांदा कुनी मदी बोलला नाय." सभागृह हसले. अण्णासाहेब हसले नाहीत. पुन्हा मावशीला बोलावणे आले नाही.

घरी जाताना मी तिला स्पष्टच सांगितले की हा निषेध चुकीचा होता. ज्या आवाजासाठी भांडायचे तो आवाजच लोकांना ऐकवला नाही, मग सिद्ध काय झाले? ती म्हणाली, "ऐकवला असता तर 'वा' म्हणून घरी गेले असते. आता महिनाभर विचारतील, त्या तबकडीत काय होतं? विचारत बेलपाड्याला जातील एखाददोघे." खरोखरच कासमभाई गेले. आपल्या मुलीच्या लग्नाला त्यांनी हिरायला मानाने बोलावून जेवू घातले. पण इतर कुणी गेल्याचे मला माहीत नाही. तिचा अंदाज बहुतांशी चुकला, असे मला नोंदवलेच पाहिजे. ती नेहमी बरोबर असे, असा माझा दावा नाही. माझा दावा एवढाच की ती निवड होती. विचाराने केलेली, किंमत मोजून राखलेली, आणि तिच्यातल्या दहाव्या जागेवर दुसरे काही ठेवण्याचा अधिकार कुणालाही नाही. भजनाविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. पण ज्या माणसाने नऊ गोष्टी निवडल्या आणि दहावी दुसऱ्याने निवडली, त्या माणसाची ती निवड नव्हे.

गेल्या वर्षी तिला आधार घेऊनच उठावे लागे, तरी रविवार चुकला नाही. मुंबईहून मी तिला एक नवी, लांब वाजणारी तबकडी आणून दिली. तिने ती उलटसुलट करून पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, "हिच्यात हिराय निम्मी तरी मावली असती, नाही?" ती शेवटची भेट.

शोकसभेनंतर मी चिटणिसांना कळवले की खोका हवा असेल तर दहाही तबकड्या वाजल्या पाहिजेत, त्याच क्रमाने, सुई टेकवून. ते घरी आले आणि म्हणाले, "गेलेल्या माणसाच्या नावाने असा हट्ट बरा नव्हे." मी म्हटले, "हट्ट गेलेल्या माणसाचा नाही, माझा आहे, आणि मी पुष्कळ वर्षे असणार आहे." खोका त्यांना मिळाला नाही. मिळणारही नाही.

मग मी बेलपाड्याला गेले. कारण दहावीवर पहिला हक्क माझा नव्हे, ज्या गळ्यातून ती आली त्याचा आहे. हिरायचे आता दात गेले आहेत, आणि वर्षाकाठी दोन-तीनच लग्ने तिच्या वाट्याला येतात. मावशीच्या खोलीत मी दहा तबकड्या लावणार आहे, दहावीला तुमची परवानगी हवी, असे सांगितले.

"ती वाजल... आनि अर्ध्यान थांबल," ती म्हणाली.

"हो. तेवढीच आहे."

"मंग रायलेला धवला मी सांगन. तितं बसून."

मी विचारले, लग्न नसताना धवला चालतो का? अशुभ नाही ना? त्यावर तिने माझ्याकडे असे पाहिले की मला पुन्हा शाळेत गेल्यासारखे वाटले. "लगीन नाय तं नाय. येवरी वर्सा ती बाय माजे गल्याची राखन करीत बसली. तिच्या घरान येक तरी धवला पुरा हुया नको? मना पाट दे. आनि मी उठल्याबिगर कुनी उठाचा नाय, तुज्या त्या मास्तराला पन सांग."

तेव्हा हे निमंत्रण समजावे. येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी मावशीच्या खोलीत, 'रेकॉर्डवाली बाई' अशी पाटी असलेल्या दाराआत. अण्णासाहेबांनाही. खोली लहान आहे, ओटीवरही ऐकू येईल. मी ती झाडून ठेवली आहे. तिच्या वस्तूंची वाटणी झाली तेव्हा तिची लुगडी नातेवाइकांपैकी कुणी नेली नाहीत, कारण प्रत्येकाच्या पदराचे उजवे टोक काळे पडले आहे. तबकडी लावण्यापूर्वी ती पदराच्या त्याच टोकाने पुसायची. लाखेची ती काळी पूड सुताच्या विणीत शिरून बसली आहे. मी साबण, सोडा, रॉकेल, सारे करून पाहिले, ती निघत नाही. दुकानात यासाठी मऊ कापड मिळते, पण मी ते आणलेले नाही. एका लुगड्याचे ते टोक कापून फोनोशेजारी ठेवले आहे. दहाही तबकड्या त्यानेच पुसल्या जातील, आणि दहावीवर मी सुई टेकवीन.